निर्धोक दिवसांवर भरवसा किती ठेवावा?

आपल्या जळगांव व धुळें जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत उपदेशकांस, व त्यांच्याहून अधिक त्यांच्या पत्नींस, एक प्रश्न हळूच विचारला जातो. घरांत दोन-तीन लेंकरें झालेलीं असतात, जमीन कोरडवाहू असते, आणि जोडप्यास आणखी मूल इतक्यांत नको असतें. शस्त्रक्रियेचें भय वाटतें. गोळ्यांविषयीं नाना प्रवाद ऐकलेले असतात. तेव्हां कोणी सांगतें कीं, महिन्यांतले कांहीं दिवस निर्धोक असतात, तेवढे मोजून वागावें म्हणजे झालें. मग प्रश्न येतो: हा हिशेब खरा आहे काय? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: यांत औषध नाहीं, साधन नाहीं, तेव्हां ख्रिस्ती मनुष्यानें धरण्याजोगा निर्मळ मार्ग हाच एक नव्हे काय?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, पण लोक त्यांची गांठ मारतात. मार्ग निर्मळ आहे, म्हणून तो फसणार नाहीं, असें मनांत कोठेंतरी धरून चालतात. आमचें मत याच्या उलट आहे. एखादा मार्ग किती भरंवशाचा आहे हें खरेंखरें जाणल्यावांचून तो नीतीचा आहे कीं नाहीं हें ठरवितांच येत नाहीं. कारण तो फसला असतां भार कोणावर पडतो, हाच येथें नीतीचा मुख्य प्रश्न आहे.

प्रथम शरीराची घडण पाहूं. स्त्रीच्या उदरांत साधारणपणें दर महिन्यास एक स्त्रीबीज पक्व होऊन सुटतें. तें फार तर एक दिवस जगतें. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरांत ५ दिवसांपर्यंत टिकूं शकतें. म्हणून गर्भ राहण्याजोगे दिवस महिन्यांत सुमारें ६ च: बीज सुटण्याचा दिवस व त्याच्या आधींचे ५. बाकीचे निर्धोक. इतकेंच असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. अडचण अशी कीं, बीज कोणत्या दिवशीं सुटेल हें आधीं कळत नाहीं. तें पुढच्या पाळीच्या सुमारें १४ दिवस आधीं सुटतें. म्हणजे जेथून मागें मोजावयाचें ती पाळी अजून आलेलीच नसते! अमेरिकेंत सन २००० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, ज्यांचे हे सहाही दिवस पाळीच्या १० व्या ते १७ व्या दिवसांच्या आंत पडले अशा स्त्रिया १०० त सुमारें ३० च होत्या.

आपल्या लोकांत जुन्या समजुती आहेत, त्याही तपासल्या पाहिजेत. मनुस्मृतीनें पाळीपासूनच्या १६ रात्री हा ऋतुकाल ठरविला व त्यांतल्या पहिल्या ४ वर्ज्य केल्या. त्या काळच्या मानानें हें निरीक्षण अगदींच वाईट नव्हतें. परंतु त्यावरून सोळाव्या रात्रीनंतर भय नाहीं असा जो अर्थ पुष्कळांनीं काढला, तो धोक्याचा आहे. जिची पाळी ३४ दिवसांनीं येते तिचें बीज विसाव्या दिवसाच्या सुमारास सुटतें. उलट कित्येक बाया असें मानतात कीं, पाळी संपल्यावर लगेच दोन-चार दिवस गर्भ राहण्याचा संभव सर्वांत अधिक, व महिन्याचे मधले दिवस निर्धोक. यांच्या हिशेबांत तर दिवसांची अदलाबदलच होते. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायांतील ७ दिवसांचा नियम हा शुद्धाशुद्धतेचा आहे. गर्भ टाळण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. इतकेंच नव्हे, तर तेवढे दिवस दूर राहून मग जवळ येणारें जोडपें गर्भधारणेच्या दिवसांकडेच चाललेलें असतें. तो अध्याय काढून कोणी हिशेब शिकवूं लागल्यास वडीलजनांनीं त्यास थांबवावें.

बीजाचा काळ पुढच्या पाळीवरून मोजावा, हें जपानांतील डॉ. ओगिनो यांनीं सन १९२४ च्या सुमारास व ऑस्ट्रियांतील डॉ. क्नाउस यांनीं त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, स्वतंत्रपणें दाखविलें. गंमत अशी कीं, आपला हिशेब गर्भ टाळण्यासाठीं वापरला जावा हें खुद्द ओगिनो यांसच पसंत नव्हतें. तो फार वेळां फसतो असें त्यांचें म्हणणें होतें.

महाराष्ट्रांत या विषयाला उघड तोंड फोडलें तें प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं. महर्षि कर्व्यांचे हे चिरंजीव. सन १९२१ मध्यें त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. ते विल्सन कॉलेजांत गणित शिकवीत. आणि तें कॉलेज स्कॉटिश मिशनचें, म्हणजे एका अर्थीं आपल्याच घरचें. या प्रचारामुळें कॉलेजच्या चालकांशीं त्यांचें जमेना, व १९२५ मध्यें त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढें १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकर यांनीं घेतलें होतें. कर्वे नास्तिक होते, व त्यांचीं पुष्कळ मतें आम्हांस मान्य होण्याजोगीं नाहींत. मिशनच्या दवाखान्यांनीं बाळंतिणींची सेवा केली, हेंही खरें. तरी वारंवारच्या बाळंतपणांनीं खंगणाऱ्या बायांसाठीं आपली भाकरी गमावली ती त्या नास्तिकानें, आणि ती गेली ती ख्रिस्ती संस्थेंतून, ही गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊक असावी.

सन १९३५ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील मार्गारेट सँगर बाई महात्मा गांधींना भेटावयास वर्ध्यास आल्या. (वर्धा आपल्या भुसावळाहून नागपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे.) गांधीजींस कृत्रिम साधनें मुळींच मान्य नव्हतीं, संयम हाच त्यांचा उपाय. परंतु निर्धोक दिवसांची गोष्ट निघाली, तेव्हां त्यांनीं तिचा इतर साधनांइतका तिटकारा दाखविला नाहीं. कारण तींत महिन्यांतले कांहीं दिवस तरी संयम पाळावा लागतो. हा धागा पुढें लांबला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या ख्रिस्ती घराण्यांतल्या व गांधीजींच्या अनुयायी. सन १९५१-५२ मध्यें सरकारनें संततिनियमनाचा प्रश्न हातीं घेतला, तेव्हां त्यांचा कल याच पद्धतीकडे होता. जागतिक आरोग्य संघटनेनें डॉ. अब्राहम स्टोन यांस पाठविलें, आणि दिल्लींतील लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यांतील रामनगरम् या ठिकाणीं प्रयोग झाले. लिहितांवाचतां न येणाऱ्या बायांसाठीं रंगीत मण्यांच्या माळा केल्या: निर्धोक दिवसांचे मणी हिरवे, धोक्याचे तांबडे, आणि रोज एक मणी सरकवावयाचा. सांगतात कीं, रात्रीं अंधारांत रंग ओळखूं येईनात. कोणी मणी सरकवावयास विसरे. आणि कोणी तर असें समजे कीं, माळ गळ्यांत घातली म्हणजे गर्भ राहतच नाहीं, जणूं ताईत. शेवटपर्यंत हिशेब पाळणारीं जोडपीं फार थोडीं निघालीं, व सरकारास दुसऱ्या साधनांकडे वळावें लागलें.

या ताईताच्या गोष्टीस शिकलेले लोक हंसतात. आम्हांस हंसूं येत नाहीं. मार्ग पवित्र आहे म्हणून तो फसणार नाहीं असें समजणारा गृहस्थ, आणि माळ घालून निश्चिंत निजणारी ती बाई, यांच्या समजुतींत अंतर थोडेंच आहे. बाईस निदान कोणी नीट सांगितलें नव्हतें.

आतां आजचें ज्ञान काय सांगतें? मण्यांची माळ नव्या रीतीनें परत आली आहे. अमेरिकेंतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनीं असा नियम बसविला कीं, जिची पाळी नेहमीं २६ ते ३२ दिवसांनीं येते तिनें ८ व्यापासून १९ व्या दिवसापर्यंत, असे १२ दिवस पतीपासून दूर राहावें. आपल्या देशांत झारखंडांत ही माळ 'मालाचक्र' या नांवानें वांटली गेली. सन २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत, नियम तंतोतंत पाळणाऱ्या १०० स्त्रियांमागें वर्षभरांत सुमारें ५ गरोदर राहिल्या. आणि माणसें प्रत्यक्षांत जशीं वागतात तशीं वागलीं तेव्हां १२. केवळ दिनदर्शिकेवरच्या जुन्या हिशेबांत हा आंकडा १५ धरतात. रोज पहांटे अंथरुणांतून उठण्यापूर्वीं थर्मामीटरनें देहाची उष्णता पाहून दिवस ओळखण्याची एक रीत आहे. ती चोख पाळली तर १, आणि प्रत्यक्षांत २५! उष्णता व योनिस्रावाचें बदलतें स्वरूप हीं दोन्ही लक्षणें मिळून पाहणाऱ्या सुमारें ९०० जर्मन स्त्रियांचा अभ्यास २००७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत वर्षाला १०० त २ हूनही कमी गर्भ राहिले. तेव्हां ही विद्या खोटी आहे असें म्हणतां येणार नाहीं. पण त्या स्त्रिया शिकविलेल्या होत्या, रोजची नोंद ठेवीत होत्या, आणि त्यांच्या पतींची साथ होती. तुलनेसाठीं सांगावयाचें तर, कांहींच न करणाऱ्या १०० जोडप्यांपैकीं वर्षांत ८५ जोडप्यांस गर्भ राहतो. निरोध वापरणाऱ्यांत प्रत्यक्ष १३, गोळ्या घेणाऱ्यांत ७. आणि तांबी किंवा शस्त्रक्रिया यांत एकाहून कमी.

हे सारे आंकडे एका वर्षाचे आहेत, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. माळेचें प्रत्यक्षांतलें प्रमाण १२ घ्या, व दर वर्षीं तें तेवढेंच राहील असें धरा. शंभर जोडप्यांपैकीं पहिल्या वर्षाअखेर ८८ सुटलीं, दुसऱ्या वर्षाअखेर ७७, तिसऱ्याच्या ६८, चौथ्याच्या ६०, आणि पांचव्याच्या ५३. म्हणजे पांच वर्षें या मार्गानें चालूं पाहणाऱ्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या घरीं न योजिलेला पाळणा हललेला असतो. दिनदर्शिकेच्या हिशेबाचें आणखी एक उदाहरण पाहा. निदान सहा पाळ्या लिहून ठेवाव्या लागतात. सर्वांत लहान पाळीच्या दिवसांतून १८ वजा केले म्हणजे धोक्याचा पहिला दिवस निघतो, व सर्वांत मोठीच्या दिवसांतून ११ वजा केले म्हणजे शेवटचा. जिच्या पाळ्या २५ पासून ३३ दिवसांपर्यंत हेलकावतात, तिला ७ व्यापासून २२ व्या दिवसापर्यंत, म्हणजे १६ दिवस दूर राहिलें पाहिजे. पाळीचे ४-५ दिवसही वर्ज्य मानणाऱ्या घरांत उरले किती, हें वाचकांनीं मोजावें.

आमच्या खानदेशांतील जगणें या मोजणीस अनुकूल नाहीं. चाळीसगांव, साक्री या बाजूंचीं जोडपीं ऊसतोडीस जातात, कोपींत राहतात, पहांटेच्या अंधारांत फडांत उतरतात. तेथें दिवस कोणी मोजावे, आणि कोठें लिहावे? अति श्रम, अपुरें अन्न, ताप, मनाची काळजी यांनीं बीज सुटण्याचा दिवस पुढें ढकलला जातो. तापांत थर्मामीटर तर काय वाटेल तें सांगेल. पुरुष एकटाच सुरतेस कामाला असला व नाताळास चार दिवस घरीं आला, तर ते चार दिवस माळ पाहून निवडलेले नसतात.

अंगावर पाजणाऱ्या आईविषयींही येथेंच सांगितलें पाहिजे, कारण ही समजूत घरोघर आहे. मूल अंगावर पितें तोंवर भय नाहीं, हें अर्धेंच खरें आहे. मूल ६ महिन्यांच्या आंतलें असावें, त्यास आईच्या दुधावांचून पाणी किंवा वरचें कांहीं दिलें जात नसावें, आणि आईस पाळी परत आलेली नसावी. या तिन्ही गोष्टी असतील तर भरवसा चांगला, १०० त सुमारें २ च फसतात. यांतली एक जरी गेली तरी तो भरवसा गेला. पहिली पाळी येण्यापूर्वीं बीज सुटूं शकतें. म्हणून बाळंतपणानंतर पाळी न पाहतांच पुन्हां दिवस गेलेल्या बाया आपल्याकडे आढळतात.

आतां निर्मळपणाचा प्रश्न. रोमन कॅथलिक मंडळीनें, विशेषतः सहावे पौल यांच्या १९६८ च्या पत्रांत, कृत्रिम साधनें निषिद्ध ठरविलीं व निर्धोक दिवसांचा मार्ग मोकळा ठेविला. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेनें १९२० मध्यें साधनांविरुद्ध इशारा दिला होता. १९३० मध्यें तिनेंच, गंभीर नैतिक कारण असेल आणि स्वार्थ किंवा केवळ सोय हा हेतु नसेल तर, त्यांस मर्यादित वाव दिला. प्रॉटेस्टंट मंडळ्या बहुतेक त्याच वाटेनें गेल्या. आमच्या मतें हें योग्य झालें. दिवस मोजणाराही मूल टाळीतच असतो. हेतु दोघांचा एक. कॅथलिक बंधु यास उत्तर देतात कीं, एकांत सृष्टिनियमाचा उपयोग केला जातो व दुसऱ्यांत त्यास अडथळा. हें उत्तर हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. पण बाळंतपणांतला रक्तस्राव हाही त्याच सृष्टींतला आहे, आणि त्यास अडथळा करावयासच आपण दवाखाने काढले.

मग या मार्गांत नीति कोठें आहे? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत पौलानें पतिपत्नींचें दूर राहणें दोघांच्या संमतीवर व थोड्या काळापुरतें ठेविलें आहे, आणि पतीच्या देहावर पत्नीचाही अधिकार सांगितला आहे. हा अध्याय आपल्याकडे लग्नाच्या वेळीं पुष्कळदां अर्धाच शिकविला जातो. निर्धोक दिवसांची पद्धत चालते ती खरें पाहतां मण्यांवर नव्हे, तर या संमतीवर चालते. नवव्या दिवशीं नवरा दारू पिऊन आला, तर मणी काय करणार? बाईनें "आज नको" म्हणावें आणि तें ऐकलें जावें, एवढी ज्या घरांत सोय नाहीं, तेथें तिला हा मार्ग सांगणें म्हणजे कुलूप तिच्या हातीं व किल्ली दुसऱ्याच्या हातीं देणें होय. अशा बाईस संयमाचा उपदेश करून घरीं जाणाऱ्या उपदेशकानें तिचें कांहींच हलकें केलें नाहीं.

आणि हिशेब चुकला म्हणजे "देवाची इच्छा" असें म्हणून मोकळे होणारे पति आहेत. लेंकरूं ही देवाची देणगी आहे, व आलेल्या लेंकराचें स्वागतच झालें पाहिजे, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु शंभरांत १२ किंवा १५ फसतात हें ठाऊक असून ज्यानें तें बायकोस सांगितलें नाहीं, त्यानें आपल्या मौनास देवाचें नांव देऊं नये. बुरूज बांधणारानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दाखला प्रभूनें दिला आहे. येथें खर्च व्हावयाचें तें तिचें रक्त आहे, आणि आपल्याकडील पुष्कळ बायांच्या अंगीं तें मुळांतच कमी असतें. शिवाय चुकल्यावर काय, हेंही आधींच बोललें पाहिजे. पवित्र म्हणून हा मार्ग धरावयाचा, आणि फसतांच दुकानांतून गुपचूप गोळ्या आणून डॉक्टरावांचून बायकोस द्यावयाच्या, असेंही घडतें. त्यांत तिच्या जिवाचा धोका आहे. पावित्र्य तर कोठेंच उरत नाहीं.

हा भार कोणाच्या अंगावर आहे, त्याचा एक दाखला सरकारी आंकड्यांतच मिळतो. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकीं १०० त सुमारें ३८ जणींनीं शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीनें शस्त्रक्रिया करून घेतल्याचें प्रमाण ०.३, म्हणजे ३०० जोडप्यांत जेमतेम एक पुरुष. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत सोपी व कमी धोक्याची. त्याच पाहणींत १०० त सुमारें १० जोडपीं दिवस मोजणें वगैरे जुन्या उपायांवर विसंबलेलीं होतीं.

तेव्हां हा मार्ग सांगावा तो अशा जोडप्यास, ज्याची पाळीची नोंद नियमित आहे, ज्यांत पति स्वतः मणी सरकवावयास तयार आहे, आणि हिशेब चुकून मूल आलेंच तर जें घर तें आनंदानें घेईल. दोन मुलांत अंतर थोडें अधिक असावें एवढीच ज्यांची इच्छा, त्यांस तो चालेल. परंतु जिचें रक्त फार कमी आहे, जिला हृदयाचा विकार आहे, जिचें नुकतेंच पोट उघडून बाळंतपण झालें आहे, किंवा जिला डॉक्टरांनीं पुन्हां गरोदर राहूं नको असें बजावलें आहे, तिला निर्धोक दिवसांवर सोडणें आम्हांस अन्याय वाटतो. तिच्या पतीनें तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत जावें. निरोध, माला-एन व छाया या गोळ्या, अंतरा हें तीन महिन्यांचें इंजेक्शन, तांबी, यांविषयीं तेथें किंवा गांवच्या आशाताईंकडे माहिती मिळते, व सरकारी व्यवस्थेंत त्यांस दाम पडत नाहीं. कोणतें तिला सोसेल हें तेथील डॉक्टर किंवा परिचारिका सांगतील. तें ठरविणें उपदेशकाचें काम नव्हे.

जीं जोडपीं माळ किंवा दिनदर्शिका धरून आहेत, त्यांच्यासाठीं एक सूचना. बाळंतपणानंतर पाळी पुन्हां नियमित होईपर्यंत माळेचा नियम लावूं नये. आणि एका वर्षांत दोनदां पाळी २६ दिवसांच्या आंत किंवा ३२ दिवसांनंतर आली, तर माळ बाजूस ठेवावी व दुसरा उपाय ठरेपर्यंत निरोध वापरावा. ही सूचना बायांच्या सभेंत सांगण्याची रीत आहे. उपदेशकांस विनंति कीं, ती पुरुषांच्या सभेंतही वाचून दाखवावी, आणि शक्य तर आधीं तेथें.